बग्गी बांधावी की जिप्सी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात, पाटणजवळ घरची चौदा एकर जमीन. वरची बाजू जांभ्याचा सडा, खालची काळी माती, मधून ओढा. हाताशी नऊ लाख रुपये. पाइपची चॅसी करून फोर बाय फोर बग्गी बांधून घ्यावी, की मारुतीची जुनी जिप्सी किंवा महिंद्राची थार घेऊन तिला लिफ्ट (गाडी उंच करणं), मोठे टायर, केज (आतला पाइपांचा पिंजरा), विंच (गाडी ओढून काढणारा दोराचा रहाट) असं सगळं करावं? बायको आणि दोन मुलं अधूनमधून बरोबर असतील, आणि कधीतरी गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड स्पर्धेत उतरायची इच्छा आहे.

मत आधी सांगतो, कारणं नंतर. जुनी जिप्सी घ्या आणि तिला शक्य तितका कमी हात लावा. दोन पावसाळ्यांनंतरही बग्गीची खुमखुमी उरली, तर ती वेगळी, शून्यापासून, फक्त शेतावर ठेवण्यासाठी बांधा. या दोन्हींच्या मधली जी गाडी तुमच्या डोक्यात आहे, म्हणजे पासिंगची गाडी कापूनकापून केलेली अर्धी बग्गी, ती मात्र करू नका. मी भोसरीत ऑफरोड गाड्यांचं फॅब्रिकेशन करतो, माझं पोट बरंचसं अशाच गाड्यांवर भरतं, तरी सांगतो. ताडपत्रीखाली धूळ खात पडलेल्या ज्या गाड्या माझ्या पाहण्यात येतात, त्या बहुतेक याच जातीच्या असतात. त्या रस्त्यावर काढायची धास्ती वाटते. चिखलात मोकळेपणानं घालायला जीव होत नाही, कारण तीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची असते.

गाडी निवडताना लोक आधी विचारतात की चिखलात कोण पुढे जाईल. मी आधी विचारतो, गाडी तिथवर जाणार कशी आणि मोडली तर परत येणार कशी. घरी बांधलेल्या बग्गीला आपल्याकडे नंबर मिळत नाही. एका गाडीसाठी टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या बनावटीला अधिकृत मान्यता, मिळवणं व्यवहारात अशक्यच, आणि त्याशिवाय आरटीओत नोंदणी होत नाही. पोलारिस रेझरसारख्या बाहेरून येणाऱ्या तयार बग्ग्याही रस्त्यासाठी नसतात, म्हणून त्या रिसॉर्टच्या आवारात आणि ॲडव्हेंचर पार्कातच दिसतात. मोटार वाहन कायद्यातली 'मोटार वाहना'ची व्याख्या कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरायच्या खास बनावटीच्या वाहनांना वगळते. बग्गीवाल्यांचा सगळा भरवसा त्या एका ओळीवर असतो.

आता तुमची जमीन. ती एकसलग आहे का? दोन तुकड्यांच्या मधून पाणंद किंवा शिवरस्ता जात असेल, तर तो ओलांडतानाचे पंधरा फूटसुद्धा सार्वजनिक जागेत येतात. तिथे डांबर आहे की माती, याचा संबंध नाही. लोकांना तिथून जायचा हक्क आहे का, एवढंच कायदा बघतो. तिथे एखाद्या गुराख्याला धक्का लागला तर नंबर नाही, विमा नाही, आणि पुढचं सगळं तुमच्या खिशातून. आणि शेताच्या वरच्या अंगाला जंगलाची हद्द लागत असेल तर तिकडे चाक वळवू नका. कोयना अभयारण्य तुमच्या तालुक्यात आहे आणि २०१० पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. तिथे विनापरवाना गाडी घालणं हा सरळ गुन्हा आहे, मग ती बग्गी असो की जिप्सी.

मॉडिफाय केलेल्या गाडीला तरी कायदा मोकळीक देतो का? फारशी नाही. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ मध्ये मालकाला दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. लोखंडी बुलबारबद्दल तर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं. नाक्यावर हवालदार तुम्हाला अडवेलच असं नाही, पुष्कळदा तो गाडीबरोबर फोटोसुद्धा काढून घेतो. खरा घोळ अपघातानंतर होतो. विम्याचा सर्व्हेअर येतो, गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढतो, आणि आरसीवर नसलेली एकेक वस्तू त्याच्या अहवालात उतरते. त्यामुळे जे बदल नटबोल्ट काढून तासाभरात उतरवता येतात, तेवढेच रस्त्याच्या गाडीला करावेत असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. निम्मे ऐकतात.

कायदा बाजूला ठेवून आता यंत्राकडे येऊ, कारण बग्गीचं आकर्षण तिथे आहे आणि ते खोटं नाही.

पोलारिस रेझर एक्सपी १००० चं कोरडं वजन सव्वासहाशे किलोच्या आसपास आणि ताकद ११० अश्वशक्ती. जिप्सी किंगचं वजन टनभर, ताकद ८०. २०२० ची थार पावणेदोन टनांच्या आसपास, डिझेल १३०. टनामागे हिशेब केला तर अंदाजे १७५, ८० आणि ७५. बग्गीत बसून ॲक्सिलरेटर दाबला की अंगावर काटा येतो तो या आकड्यांमुळे. शिवाय तिच्या सस्पेन्शनचा प्रवास फूट-दीड फुटाचा. खड्डा चाक गिळतं, पाठीला कळत नाही. खडबडीत मैदानावर ताशी साठच्या वेगानं जायचं असेल तर तिच्यासमोर कुठलीही जीप उभी राहत नाही.

पण आपल्या मुलखात ताशी साठनं जायला जागा आहे कुठे? बग्गी हा प्रकार वाढला तो कॅलिफोर्नियाच्या वाळूत. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्सनं मेयर्स मँक्स काढली. फोक्सवॅगन बीटलचे भाग, वर फायबरची हलकी बॉडी, इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे. फोर व्हील ड्राइव्ह नाहीच. तरी १९६७ ची पहिली मेक्सिकन १००० शर्यत याच गाडीनं जिंकली. इंजिनाचं सगळं ओझं मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर पडत असल्यामुळे वाळूत ती पळते. हीच रचना आपल्या ओल्या चढावर आणून बघा: नाक हलकं होतं, पुढची चाकं नुसती टेकलेली राहतात, स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी गाडी सरळच जाते. इंटरनेटवर मारुतीचं इंजिन मागे टाकून बांधलेल्या टू व्हील ड्राइव्ह बग्ग्यांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे मोकळ्या कोरड्या माळावरचे आहेत. तेवढं लक्षात ठेवून बघा. चेनवर चालणाऱ्या दीडशे-दोनशे सीसीच्या चिनी बग्ग्या तर खेळणं म्हणूनही घेऊ नका, सुटे भाग मिळता मिळत नाहीत.

तुमच्या शेताचा हिशेब असा. वरचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, पावसात त्यावर शेवाळ. तिथे वेग नको, चाक तसूतसूनं फिरलं पाहिजे. हे काम लो गिअरचं. पहिला गिअर साधारण ४, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणाऱ्या डब्याचा) लो समजा २.५, एक्सलचा ४, गुणाकार ४०. म्हणजे इंजिनाच्या चाळीस फेऱ्यांना चाकाची एक. क्लच सोडून पाय बाजूला ठेवला तरी गाडी आपली आपण दगडावर चढते आणि उतरताना ब्रेकला हात न लावता उतरते. बहुतेक तयार बग्ग्यांमध्ये गिअरबॉक्स नसतो, रबरी पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली सीव्हीटी असते. हाय रेंजमध्ये ठेवून हळूहळू दगड चढायला गेलं की पट्टा घसरतो, तापतो, जळतो, आणि तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. ओढ्यात हाउसिंगमध्ये पाणी शिरलं तरी पट्टा घसरतोच. जाणकार माणूस सतत लो रेंजमध्ये चालवतो आणि सीटखाली जादा पट्टा ठेवतो.

खालची काळी माती उलट स्वभावाची. ती टायरच्या खाचांत भरते आणि पाच मिनिटांत एमटी टायरचा, म्हणजे खोल खाचांच्या चिखलाच्या टायरचा, गुळगुळीत रूळ होतो. ती झटकायची तर चाक जोरात फिरवावं लागतं, तिथे ताकद आणि हलकेपणा दोन्ही कामाला येतात. या एका बाबतीत बग्गी सरस, वादच नाही. आणि ती रुतलीच तर चार माणसं खांदा लावून काढतात. थार रुतली तर ट्रॅक्टर शोधावा लागतो. अर्थात काळ्या मातीत भर पावसात कुठलीही गाडी घालण्यात शहाणपण नाही. उतारावर पडलेली चाकोरी पुढच्या पावसात घळ होते आणि ताल फुटते. माझ्या माहितीतल्या एकानं हौसेसाठी अर्धा एकर असा वाहवून घेतला.

सस्पेन्शनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण विकत घेणारे सगळ्यांत कमी विचार याचा करतात. जिप्सीला पुढेमागे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा, आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. एक चाक दगडावर चढलं की तोच एक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, आणि डिफरन्शियलचा (एक्सलच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या दात्यांचा) गोळा जमिनीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर राहतो. बग्गीला आणि नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. गाडी दबली की पोट खाली येतं, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स नेमका नको तेव्हा कमी होतो. वेगात इंडिपेंडंट चांगलं, गोगलगाईच्या चालीला सॉलिड एक्सल चांगला. जिम्नीत सुझुकीनं आजही दोन्हीकडे सॉलिड एक्सल ठेवलाय तो हट्टानं, आणि तो हट्ट मला पटतो. नवी जिम्नी तुमच्या नऊ लाखांत बसत नाही, नाहीतर उत्तर एवढं लांबलं नसतं.

थारबद्दलही सांगतो, नाहीतर थारवाले रागावतील. २०१० ते २०२० मधली सीआरडीई थार दणकट आहे, १०५ अश्वशक्तीचं डिझेल खालून छान ओढतं, आणि २०१५ नंतरच्या गाडीत मागचा मेकॅनिकल डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) मिळू शकतो. एक चाक अधांतरी गिरकी घ्यायला लागलं की तो टक् करून लागतो आणि गाडी पुढे सरकते. पण वजन जास्त, पुढचं टॉर्शन बार सस्पेन्शन लिफ्ट केल्यावर सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे, रबरी बूट फाटतात, आणि रुंदीमुळे पाणंदीत दोन्हीकडची झुडपं अंगावर घ्यावी लागतात. जिप्सी फक्त दीड मीटरच्या आसपास रुंद. फोर्सची गुरखा हे यातलं सगळ्यांत प्रामाणिक यंत्र, पुढेमागे दोन्हीकडे लॉक आणि कंपनीचाच स्नॉर्केल (पाण्यात इंजिनाला हवा देणारी उंच नळी), पण जुन्या बाजारात चांगली गुरखा मिळायला नशीब लागतं. लॉकबद्दल एक इशारा: निसरड्या आडव्या उतारावर लॉक लागलेला असला की एक्सलची दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचं बूड खाली सरकतं. उघड्या, म्हणजे लॉक नसलेल्या, डिफला निदान एक चाक जमीन धरून राहतं. जिप्सीत लॉक नसतो. अडकल्यावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकवर हलका पाय दिला की फिरणारं चाक थोडं आवरतं आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. दगडावर एवढ्यानं बरंच भागतं.

आता समजा, एवढं ऐकूनही बग्गीच बांधायची आहे. मग नीट बांधा. पहिली चुकीची समजूत म्हणजे बग्गी आपोआप हलकी होते. ४५ मिमी व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा पाइप मीटरला २.६ किलो भरतो. चॅसी आणि केज मिळून साठ मीटर पाइप गेला की दीडशेच्या वर किलो नुसत्या पाइपचे. त्यात जिप्सीचे एक्सल, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, मोठे टायर, विंच. काट्यावर चढवल्यावर मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण बग्गी जिप्सीच्याच वजनाची झालेली असते. हलकं करायचं तर आधी कागदावर त्रिकोण आखा, जिथे भार येत नाही तिथला पाइप काढून टाका. आपल्याकडे २००७ पासून इंजिनिअरिंगच्या मुलांची बाहा स्पर्धा होते, त्यातली पोरं हे काम मोठमोठ्या गॅरेजवाल्यांपेक्षा बरं करतात. त्यांच्या बग्गीचं दहा अश्वशक्तीचं इंजिन तुमच्या कामाचं नाही, पण पाइप कुठे हवा आणि कुठे नको याचं गणित त्यांना येतं. अशा एखाद्या मुलाला पैसे देऊन डिझाइन करून घ्या, मग वेल्डर गाठा. बहुतेक लोक उलटं करतात.

दुसरी गोष्ट पाइपची. नळ्याच्या दुकानातला पाण्याचा पाइप केजला चालत नाही. तो वाकतो तेव्हा शिवणीवर फाटतो. केजसाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस घ्यायचा. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमी आणि बाकीच्या पाइपांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ मिमी हे किमान माप आहे. पाय जिथे चॅसीवर टेकतात तिथे किमान तीन मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. पाइप घेताना दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. तो कुरकुर करेल. तरी मागा.

जिप्सीच्या सांगाड्यावर बग्गी बांधण्याचा एक खरा फायदा आहे. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मधे छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे इंजिन कुठलंही बसवा, ट्रान्सफर केस हवा तसा मागेपुढे करता येतो. भंगारात निघालेल्या जिप्सीचे हे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून सापडतात, भाव मात्र पूर्वीचे राहिलेले नाहीत. पण त्यासाठी चांगली, कागदपत्रं चालू असलेली जिप्सी कापू नका. त्या गाड्या आता नव्यानं बनत नाहीत.

आणि केजचं जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. रोजच्या गाडीत हौसेनं आतून केज घालून घेतात आणि मागे मुलं बसवतात. केज हा हेल्मेट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस घातलेल्या माणसासाठी असतो. उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडी पाइप असेल, तर साध्या धडकेतही तो कवटीवर आपटतो, जिथे मूळ गाडीत नुसतं छताचं मऊ अस्तर होतं. मॉडिफाय गाडीला सुरक्षेसाठी म्हणून केलेला खर्च पोरांच्या जिवावर उठू शकतो. तुमच्या पत्रात केज आणि मुलं एकाच वाक्यात आली, म्हणून मी मधल्या मार्गाला एवढा कडाडून नाही म्हणतोय. बग्गीत तर मुलांचा प्रश्नच नाही. दोन सीट, हार्नेस मोठ्या माणसाच्या मापाचा, पाय खालच्या पाट्याला टेकत नसतील तर बसायचं नाही.

पैशाचं बोलू. नऊ लाखांतले निम्म्याहून जास्त गाडीवर घालू नका. जिप्सी १९८५ मध्ये आली, २०१९ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे हाती लागेल ती जुनीच असणार, आणि पहिल्या वर्षी ती पैसे खाणारच. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं फेरपासिंग आणि पर्यावरण कर आधी धरा. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या स्वस्त वाटतात, पण इंजिन आणि चॅसी नंबर कागदाशी अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय बयाणा देऊ नका. मधल्या एजंटाचं "करून देतो साहेब" हे वाक्य मी पुष्कळ वर्षं ऐकतोय, आणि त्या साहेबांपैकी काहींच्या गाड्या अजून नंबराशिवाय उभ्या आहेत.

गाडी बघायला जाताना रंग आणि सीटकव्हर बघू नका, खाली झोपा. मागच्या पाट्यांचे शॅकल चॅसीला जिथे लागतात तिथे गंज असतो. हातोडीनं हलकं ठोकून बघा, आवाज बद्द आला तर पत्रा आतून खाल्लेला आहे. पुढची चाकं जॅकवर घेऊन वरखाली हलवा. खडखड आली तर किंगपिनची (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंग गेलीत, आणि अशी गाडी साठच्या वेगाला स्टिअरिंग हातातून सोडवून घेईल असं थरथरते. पुढच्या नकलजवळ ग्रीस आणि ऑइलचं काळं लोणी दिसलं तर सील गेलंय, दुरुस्ती मोठी नाही पण भाव पाडायला उपयोगी. फोर व्हील टाकून, लो मारून, मऊ जमिनीवर गोल फिरवा. पक्क्या रस्त्यावर हे करू नका, पार्ट टाइम फोर व्हीलमध्ये पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना पीळ देतात. लो गिअर ॲक्सिलरेटर सोडल्यावर बाहेर उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार. कोकणात वापरलेली गाडी असेल तर या सगळ्यात गंजाला दुप्पट गुण द्या.

घेतल्यावर काय करायचं? टायर. चांगले एटी (रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे) टायर मूळ मापाचे किंवा अगदी थोडे मोठे, आणि बरोबर एअर कंप्रेसर. चिखलात हवा १५ ते १८ पीएसआयवर आणली की तीच गाडी वेगळी वाटते, आणि परत उंब्रजला हायवेवर चढायच्या आधी भरायची. ३१ इंची टायरच्या नादी लागू नका. त्याच्याबरोबर लिफ्ट येते, लिफ्टबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि त्याच्या सांध्यांचे क्रॉस झिजायला लागतात, कॅस्टर (गाडी सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कमी झाल्यामुळे हायवेवर गाडी भरकटते, एक्सल शाफ्टवर ताण वाढतो, आणि मूळ ८० अश्वशक्ती त्या टायरांना पुरत नाही म्हणून शेवटी एक्सलचे दातेही बदलावे लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसरा खर्च चॅसीला पक्के बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटांचा, पुढे दोन, मागे दोन. ओढायच्या बॉलला पट्टा लावून कधीच ओढू नका, तो तुटला तर गोळीसारखा येतो. तिसरा खर्च खालच्या प्लेटांचा, म्हणजे ट्रान्सफर केस आणि पेट्रोलच्या टाकीखाली पत्रा. बस.

विंच लगेच नको. नियम असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमता हवी. जिप्सीला दोन-सव्वादोन टन पुरतात, चिखलाची ओढ धरून तीन टनांची घ्यावी. दोर सिंथेटिक, स्टीलचा नाही. तो पुढच्या पाट्यांवर कमी ओझं टाकतो आणि तुटला तर जमिनीवर पडतो, स्टीलचा तुटला तर चाबकासारखा फिरतो. पण एकटा माणूस स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर असताना विंच कशाला लावतो हे मला कळत नाही. ट्रॅक्टरवाल्याशी चांगले संबंध ठेवा.

रेनफॉरेस्ट चॅलेंजचं म्हणाल तर ती १९९७ पासून मलेशियात होणारी स्पर्धा आहे आणि २०१४ पासून तिची भारतीय आवृत्ती पावसाळ्यात गोव्यात सुरू झाली. तिथे वरच्या क्रमांकांवर येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या राहिलेल्या नसतात. चॅसी जिप्सीची किंवा थारची असली तरी बाकी सगळं स्पर्धेसाठी बदललेलं, आणि त्या ट्रकवर लादून येतात. म्हणजे तिथवर पोहोचायचं असेल तर एक दिवस तुम्हाला दुसरी गाडी लागणारच, कौटुंबिक जिप्सीतून तो रस्ता जात नाही. म्हणून आत्ताच त्या गाडीसाठी पैसे जाळू नका. अशा स्पर्धेत ड्रायव्हरइतकंच काम को-ड्रायव्हरचं असतं. कमरेएवढ्या लाल पाण्यात उतरून दोर ओढणं, झाडाला पट्टा बांधणं, शॅकल लावणं, गाडीचा कोन बघून हातानं खुणा करणं, सगळं त्याच्याकडे. चांगले ड्रायव्हर पुष्कळ आहेत, चिखलात न कुरकुरणारा को-ड्रायव्हर मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या ऑफरोड क्लबांपैकी कुणाच्याही सरावाला जा, बूट आणि हातमोजे घेऊन, आणि एक मोसम कुणाच्या तरी शेजारी बसा. कुठला एक्सल कुठे तुटतो, सीव्हीटीचा पट्टा कधी जळतो, विंचची बॅटरी किती वेळ टिकते हे सगळं दुसऱ्याच्या खर्चानं बघून होईल. त्यानंतर बग्गीचा नकाशा घेऊन भोसरीला या. चॅसीची लांबी, एक्सल कुठले, इंजिन कुठे, यावर तेव्हा बोलण्यात अर्थ असेल. तोवर जिप्सीचे किंगपिन तेवढे नवे करून घ्या.